बिनपावडरची जवारी

त्र्याऐंशी साली मी नर्स म्हणून त्या गावात रुजू झाले. गाव बेंबळीहून दोन कोस आत. उपकेंद्र म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या आणि एक लोखंडी खाट. मी मूळची मुरुमची, घरात कानडी बोलणारी, नाव नीलम्मा. पण गावात मला नावानं कुणी हाक मारली नाही. सगळ्यांची मी सिस्टर.

महिनाही झाला नव्हता, तेव्हा एका दुपारी दारात बैलगाडी थांबली. एका बाईनं नवऱ्याला काखेत धरून खाली उतरवलं. माणूस उंचापुरा, पण हात थरथरत होते. वाटेत दोनदा उलटी झाली होती. त्याच्या पापण्यांवर, कानांच्या कडांवर, मानेच्या घामात पांढरी भुकटी चिकटली होती आणि अंगाला असा उग्र वास येत होता की मी खिडकी उघडली.

"सोसायटीच्या गोदामात असत्यात," बाई म्हणाली. "पावडरीचं पोतं फुटलं. ह्यांनी हातानं भरलं."

ती पुतळाबाई आणि तो तिचा नवरा मच्छिंद्र. गावाच्या खालच्या अंगाला बौद्धांची वस्ती होती, तिथं राहायची दोघं, तीन लेकरांसह. बहात्तरच्या दुष्काळात दोघांनी रस्त्याच्या कामावर खडी फोडली होती, सुकडी खाऊन दिवस काढले होते. पुढं सोसायटीनं गोदाम बांधलं आणि मच्छिंद्रला हमाल-राखणदार म्हणून ठेवून घेतलं. महिन्याच्या महिन्याला पगार. वस्तीत एक मास्तर सोडले तर पगाराचं घर हे एवढंच. खताची पोती, हायब्रीडचं बियाणं, किडीची पावडर, सगळं त्याच्या पाठीवरून गावात आलं. तो हे सांगायचाही अभिमानानं. गोदामाची किल्ली कंबरेच्या करदोट्याला बांधून झोपायचा.

मी त्याला साबणानं अंघोळ करायला लावली आणि दुसऱ्या दिवशी एसटीनं दोघांना घेऊन उस्मानाबादला मोठ्या दवाखान्यात गेले. डॉक्टर तरुण होते, समजावून सांगणारे. ते म्हणाले, ही पावडर अंगात साठते. इतक्या वर्षांत बरीच साठली असणार. गोदामाचं काम सोडा. आणि आता खाण्यातून आणखी जाऊ देऊ नका. पावडर लावलेलं धान्य नको, फवारलेली भाजी नको, जमलं तर दूध द्या.

परत येताना मी एसटीत तेच पुन्हा सोपं करून सांगितलं. माझ्या परीनं मी कर्तव्य करत होते. पुतळाबाई एकेका शब्दाला मान हलवत होती.

"मिळंल की," ती म्हणाली. "गावातच पिकतंय समदं."

मच्छिंद्र खिडकीतून बाहेर बघत होता. "काम सोडलं तर आणायचं कशानं ते?" तो म्हणाला. "पगार हाय म्हणून तर दोन येळा चूल पेटती."

 पुतळाबाईनं मात्र मनाशी वाटणी करून टाकली. गोदाम सुटणार नाही, तर निदान ताट तरी स्वच्छ ठेवायचं.

पहिल्यांदा ती बाजारात हिंडली. ज्वारीच्या प्रत्येक ढिगापुढं बसायची, मूठभर दाणे तळव्यावर चोळायची, फुंकर मारायची, तळवा उन्हात धरून पांढरं काही राहिलंय का बघायची, मग वास घ्यायची. विकणारे वैतागायचे.

"ए बाई, तुला जवारी पायजे का अत्तर?"

"पावडर लावलीया का न्हाय तेवढं सांगा."

"न लावता ठेवली तर सोंडे तुझ्याकडं आणून सोडू का?"

बायका हसायच्या. तिचं नावच बिनपावडरवाली पडलं. बिनपावडरची ज्वारी मिळायचीच नाही असं नव्हतं. पण ती गावरान, शेणखतावरची, आणि तिचा भाव हायब्रीडच्या दुप्पट. ती पेठेतली माणसं नेत. पिकवणारेसुद्धा ती विकत आणि घरात हायब्रीड खात. रेशनची ज्वारी स्वस्त, पण तिचा वास पिशवीतूनच यायचा.

मग तिला अण्णाराव सापडले. ओढ्याकाठी त्यांचं पाच-सहा एकर काळं रान होतं. सत्तरी ओलांडलेले, कपाळाला भस्म, गळ्यात लिंग. सोसायटीचं खत त्यांनी शेतात येऊ दिलं नव्हतं. रब्बीला गावरान ज्वारी पेरायचे आणि पांढरीतल्या, म्हणजे गावठाणातल्या, पेवात भरायचे. पेव म्हणजे जमिनीत खणलेली धान्याची खोल विहीरच. आत कडब्याचं अस्तर, वर मातीनं लिंपलेलं तोंड. हवा नाही म्हणून कीड नाही, कीड नाही म्हणून पावडर नाही.

पुतळाबाई त्यांच्या अंगणाच्या कडेला जाऊन उभी राहिली.

"अण्णा, तुमच्या काढणीला येते. पैका नगं. जवारी द्या."

"आता कोण धान्य घेतंय मजुरीत? समद्यांना पैसे पायजेत."

"मला पेवातली द्या. दुसऱ्या बायांपरीस कमी द्या, पर पेवातली."

म्हाताऱ्याला हे आवडलं. त्यांची बायको पार्वतम्मा ओसरीवरून शेरानं मापायची आणि पुतळाबाई खाली पदर पसरायची. ओसरीवर तिला कुणी ये म्हटलं नाही, तिनंही पाय ठेवला नाही. त्या दिवसापासून ती अण्णारावांकडं काढणी, खुरपणी, गोठ्याची साफसफाई, पडेल ते करू लागली. दिवसभर राबून जे मिळायचं ते तिघा लेकरांना आणि दोघांना पुरण्यासारखं नव्हतं. एका माणसाला पुरायचं.

म्हणून तिच्या चुलीवर दोन पिठांच्या भाकरी होऊ लागल्या. आधी पेवातल्या ज्वारीच्या दोन, पांढऱ्याशुभ्र, मच्छिंद्रसाठी. मग रेशनच्या, बाकीच्यांसाठी. उलथणं, परात, तवा, सगळं मधे धुऊन घ्यायची. दळायलाही गिरणीत न्यायची नाही, कारण आधीच्या गिऱ्हाईकाचं पीठ मिसळतं. त्याचं पीठ ती जात्यावर काढायची. भाजीला पडिकातली पाथरी, घोळ, तांदूळजा. एकदा बांधावरून टोपलीभर पाथरी तोडून आणली, तर वाटेत सत्यभामा नावाची शेजारीण म्हणाली, "अगं, त्या तुरीवर काल पंप चालला, वाऱ्यानं सारं बांधावर आलंय." पुतळाबाईनं तिथंच टोपली उपडी केली. त्या दिवशी सगळ्यांनी मीठ-भाकर खाल्ली.

मी दर पंधरवड्याला घरी जाऊन मच्छिंद्रला बघायचे. हातांचा कंप थोडा कमी होता, पण वजन वाढत नव्हतं. अंगावर पावडरीनं उठलेले चट्टे तसेच. मी विचारायचे, "भाऊ, खाणं व्यवस्थित चाललंय ना?" तो म्हणायचा, "लई व्यवस्थित, सिस्टर. राजावानी." पुतळाबाईचा चेहरा उजळायचा.

एके सकाळी मी पोलिओचे डोस द्यायला वस्तीत गेले होते. पुतळाबाई आडावरून घागर घेऊन येत होती, मी तिच्याबरोबर घरात शिरले. मच्छिंद्र जेवायला बसला होता. त्याच्या ताटात रेशनची लालसर भाकरी होती. पांढरी भाकरी तीन तुकडे करून तिन्ही लेकरांच्या हातात.

घागर तिनं खाली ठेवली नाही, तशीच कमरेवर धरून उभी राहिली.

"किती दिस चाललंय हे?"

 धाकटी लेक म्हणाली, "रोजच देत्यात आबा."

"अगं, ही बघत्यात माझ्या ताटाकडं," मच्छिंद्र म्हणाला. "म्या पांढरी खायची आन् ह्यांनी ती वासाची खायची? माझ्या अंगात जे जायचं ते गेलंय. ह्यांच्यात कशाला घालतीस?"

"मग म्या कुणासाठनं मरतीया तिकडं?" ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "सांगा की. कुणाला खाऊ घालू? एकाचं भरतंय. एकाचं! चौघांत वाटलं तर कुणाचंच न्हाय."

तिनं माझ्याकडं बघितलं. मी सरकारची माणूस, शिकलेली. कुणाला द्यायचं ते मी सांगावं अशी तिची अपेक्षा होती. डॉक्टरांनी लेकरांबद्दल काही म्हटलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. मी डोसाची पेटी उघडली आणि लेकरांना तोंड उघडायला सांगितलं.

पुढं त्यांनी आपसात काय ठरवलं कोण जाणे. ती मात्र अण्णारावांकडं जास्त राबू लागली, इतकी की वाळलेल्या हाडांवर लुगडं टाकल्यासारखी दिसायची.

पंच्याऐंशीला पाऊस नावालाच झाला. ओढा गणपतीच्या आधीच आटला. अण्णाराव पडले ते अंथरुणालाच खिळले आणि कारभार त्यांच्या मुलाकडं, हणमंतप्पाकडं गेला. हणमंतप्पा वाईट माणूस नव्हता. पण रब्बी पेरायला ओल नव्हती, नवं धान्य येणार नव्हतं, म्हणून पेव उपसावं लागलं. वरचा थर पिवळा पडला होता, खालची ज्वारी पोत्यांत भरून घरात रचायची तर पोरकिडे लागणार. तो सरळ सोसायटीत गेला आणि पावडर मागितली.

पावडरीचं पोतं गाडीत ठेवलं मच्छिंद्रनं. हे त्यानं मला नंतर स्वतः सांगितलं. "मालक, कशाला पायजे?" असं विचारलं तेव्हा हणमंतप्पा म्हणाला, "पेवाची जवारी हाय घरात, तिला लावायची." मच्छिंद्र म्हणाला, "सिस्टर, मला वाटलं त्याच्या पाया पडावं. मग वाटलं, त्यानं का म्हणून ऐकावं माझं? त्याचं धान्य, त्याची पावडर. माझं काम पोतं उचलायचं. म्या उचललं."

घरी त्यानं सांगितलं नाही. चार दिवसांनी पुतळाबाईला मजुरीची ज्वारी मिळाली. तिनं सवयीनं मूठभर दाणे तळव्यावर चोळले आणि तिथंच अंगणात बसली. मग उठून अण्णाराव झोपले होते त्या पडवीच्या कडेशी गेली.

"अण्णा, ह्याला लावलीया व्हय?"

म्हाताऱ्यानं डोळे मिटून घेतले. "पोरानं लावली. मला इचारलं न्हाय, पुतळाबाई. आता मला कोण इचारतंय?"

"थोडी बिनपावडरची असंल कुठं. बियाची, देवाची..."

"सारी एकाच जागी हाय."

पार्वतम्मा म्हणाली, "खाणार आमीबी तीच हाव."

दुसऱ्या दिवशी टँकर आला तेव्हा विहिरीपाशी भांडण पेटलं. मी गेले तर पुतळाबाई आपल्या वाट्याच्या दोन हंड्यांपैकी एका हंड्याचं पाणी परातीतल्या ज्वारीवर ओतत होती. पाणी दुधी होऊन मातीत जात होतं. प्यायला पाणी नव्हतं त्या दिवसांत, बायका संतापणारच.

"दाणं धुतीया! लेकरं तहानली अन् ही दाणं धुतीया!"

"माझ्या वाट्याचं हाय," पुतळाबाई एवढंच म्हणत होती. मला बघून ती थांबली. ओल्या हातानं तिनं माझा हात धरला.

"सिस्टर, धुतल्यावर जातं का हो हे? किती पाण्यानं जातं?"

सगळ्या बायका पुढं सरकल्या. त्यांनाही ऐकायचं होतं, कारण घरोघरी तेच धान्य होतं. मला माहीत नव्हतं. नर्सिंगच्या वर्गात ते कुणी शिकवलं नव्हतं. मी म्हणाले, "थोडं जातं."

"थोडं म्हंजी?"

"थोडं."

तिनं उरलेलं पाणी परातीत ओतलं. दाणे लुगड्यावर वाळत घातले आणि सांजपर्यंत चिमण्या हाकत बसली. त्या महिन्यात मी उस्मानाबादला गेले तेव्हा त्या डॉक्टरांना विचारायचं ठरवलं होतं. त्यांची बदली झाली होती. नव्या डॉक्टरांपुढं रांग मोठी होती. त्यांनी मला विचारलं, पेशंट बरोबर आहे का? मी नाही म्हटलं. ते पुढच्या माणसाकडं वळले.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात मच्छिंद्रचा हात पुन्हा थरथरू लागला, यावेळी थांबला नाही. पोतं पाठीवर घेतलं की पाय दुमडायचे. दोनदा पडला. सोसायटीनं त्याला कामावरून कमी केलं. सोसायटीचे चेअरमन स्वतः वस्तीत आले, चहा घेतला, म्हणाले, "माणूस इमानी, पण माल पडतो, काय करावं?" जाताना त्यांनीच तोड सुचवली. गोदाम झाडायला, फुटलेली पोती शिवायला माणूस लागतोच. घरातल्या कुणाला यायचं असलं तर यावं, बाहेरचा माणूस घेणार नाही.

त्यांनी हे उपकार म्हणूनच केलं. वस्तीतल्या चारजणी ती जागा मागत होत्या.

पुढच्या आठवड्यात मी हिवतापाच्या गोळ्या घेऊन त्या रस्त्यानं चालले होते. गोदामाचं शटर अर्धं वर होतं. आत धुरळा उडत होता आणि त्या धुरळ्यात पुतळाबाई, तोंडाला पदर गच्च बांधून, दाभणानं एक फाटलं पोतं शिवत बसली होती. भोवती जमिनीवर पांढरं सांडलेलं.

मी दारातच थांबले. "पुतळाबाई, तुम्ही इथं?"

तिनं पदर खाली केला. "मग कुठं जाऊ, सिस्टर? ते पडून हायती. लेकरं हायती." मग दाभण ओढत म्हणाली, "जवारी रेशनचीच आणते आता समद्यांना. एकच पीठ. लई सोपं झालंय तेवढं."

"तोंडाला फडकं ओलं करून बांधत जा," मी म्हणाले. 

"बांधते."

मी निघाले तेव्हा तिनं मागून हाक मारली. तिनं दोन्ही हात पुढं धरले होते, तळव्यांच्या रेघारेघांत पांढरं भरलं होतं.

"दवाखान्यात साबण येतो का हो? घरी जाऊन लेकरांच्या भाकरी थापायच्या असत्यात. राखेनं घासलं तरी वास जात न्हाय."

उपकेंद्राला महिन्याला तांबड्या साबणाच्या दोन वड्या यायच्या. त्यातली एक मी तिला देत राहिले, वाशीला माझी बदली होईपर्यंत. माझ्यानंतर जी सिस्टर आली तिला मी हे सांगून ठेवलं होतं. ती हो म्हणाली होती.