मॅडमच्या कपाटातला फ्रॉक

डॉ. वसुधा मॅडमची आणि माझी ओळख एका गार पावलापासून सुरू झाली. वर्ध्याच्या आमच्या रुग्णालयात, बालकांच्या अतिदक्षता विभागात, मी नवीनच परिचारिका होते. मॅडमनी माझा हात धरून एका बाळाच्या पावलावर ठेवला. "कसं लागतं?" मी म्हटलं, "गार." "मग आधी पांघरूण घाला. पडद्यावरचे आकडे नंतर बघू."

मूत्रपिंडं बंद पडलेल्या अत्यवस्थ मुलांना थोड्या तासांत उरकणारं नेहमीचं डायलिसिस झेपत नाही. त्यांचं मशीन अहोरात्र, हळूहळू चालतं. बाहेर फिरून आलेलं रक्त निवतं, आणि त्यासोबत मूलही. म्हणून मॅडम आजही विभागात शिरल्या की आधी पावलं चाचपतात.

मॅडम रागावल्या की औषधांच्या ट्रॉल्यासुद्धा बाजूला सरकतात, असं आम्ही त्यांच्यामागे म्हणतो. पण माझ्या लेकीला डेंग्यू झाला तेव्हा याच मॅडमनी मला सिंदी मेघेला घरी धाडलं आणि माझ्या जागी स्वतः मशीनशेजारी बसून त्यातून निघणाऱ्या पाण्याच्या पिशव्या रिकाम्या केल्या. त्यांचा एकच दंडक आहे. बरं असो की वाईट, आधी आईला सांगायचं.

त्यांच्या साठीनिमित्त मी एवढंच गोड गोड लिहून त्यांना दाखवलं होतं. त्यांनी कागद परत दिला. "छान आहे. स्वराचं कुठे आहे? ते नसेल तर माझा सत्कार नको." गौरवग्रंथात हे लिहिताना मला लाज वाटते आहे. पण मॅडमपुढे कुणाचं चाललंय?

स्वरा आर्वीकडची, चार वर्षांची. तापात तिची मूत्रपिंडं बंद पडली होती. तिची आई कांता दाराबाहेरच्या बाकावर बसून असायची. एके सकाळी स्वराच्या पिशवीत लघवी दिसू लागली आणि ती वाढतच गेली. दुपारी मॅडमनी मशीन थांबवायला सांगितलं. आत नुसता आनंदीआनंद! पिशवीतल्या लघवीसाठी टाळ्या वाजवणारी माणसं जगात आमच्याशिवाय कोण असतील? कुणीतरी पेढे आणले. मॅडमही लहान मुलीसारख्या हसत होत्या. त्या गडबडीत मशीनवर चादर टाकली गेली आणि ते दाराबाहेर ढकललं गेलं.

बाहेर कांताने मशीन जाताना पाहिलं. तिच्या नवऱ्याने गावी फोन केला. बाकावरून हंबरडा उठला तेव्हा मॅडमच्या हातात अर्धा पेढा होता.

त्या धावत बाहेर गेल्या आणि कांताला हाताला धरून आत घेऊन आल्या. स्वराने आईकडे पाहून पाणी मागितलं. कांताने लेकीचं पाऊल छातीशी धरलं. मग ती मॅडमकडे वळली.

"तुमी अंदर हासून राह्यल्या होत्या मॅडम. मले बाहेर आयकू येत होतं. मले वाटलं, माही पोरगी गेली, अन् हे लोकं काऊन हासून राह्यले?"

मॅडमनी हात जोडले. "चूक माही हाय, कांता. तुले पयले सांगाले पायजे होतं."

संध्याकाळच्या एसटीने स्वराची आजी आली. तिच्या पिशवीत कोरा गुलाबी फ्रॉक होता, नातीच्या अखेरच्या प्रवासासाठी वाटेत विकत घेतलेला. नात जिवंत पाहून म्हातारी तिच्या तोंडावरून हात फिरवत राहिली. तो फ्रॉक पोरीच्या अंगाला लावायची कुणाची छाती होईना, टाकूनही देववेना. मॅडमनी तो मागून घेतला.

तेव्हापासून आमच्याकडे मशीन थांबवायचं असलं की आधी आईला आत बोलावतात. ती मुलाचं पाऊल हातात घेते आणि मग मॅडम बटण दाबतात. नव्या डॉक्टरांना त्या कपाट उघडून तो फ्रॉक दाखवतात आणि स्वतःची चूक सांगतात. दर वेळी मी खिडकीबाहेर बघते.

स्वरा आता शाळेत जाते. मॅडम, तुम्हाला भरपूर आयुष्य मिळो, गुडघे साथ देवोत, आणि आमच्यावर रागवायची ताकद कायम राहो. तुमच्या कपाटात तो फ्रॉक एकटाच राहो.