पिकअपला बसवला सासूबाईंचा तांब्या

तालमीतल्या समद्या मंडळींनो, आज सकाळी काय झालं ते फळ्यावर लिहितोय. एकेकाला सांगून घसा बसला.

लढाईनंतर लष्कराच्या लिलावात घेतलेली माझी पिकअप तुम्हाला ठाऊक हाय. तिची पेट्रोल ओतायची नळी टाकीपाशी सडलीती. साबण चोपडून भागवत होतो, पण काल कागलला जाईस्तोवर निम्मं पेट्रोल रस्त्यानं प्यालं. नवी नळी कुठंच मिळंना.

ओळखीचा तांबट म्हणाला, "फिरकीचा तांब्या आण. मान कापून टाकीच्या तोंडाला झाळतो. झाकणाला आटे हायतच, थेंब सांडायचा न्हाय."

घरात तसला एकच तांब्या, तोही पाहुण्या आलेल्या सासूबाईंचा. म्हटलं, म्हातारीला गुपचूप नवा आणून ठेवू.

तांबटानं टाकी उतरवून धुतली, पाणी भरून मान झाळली, वाळवून परत चढवली. खरंच थेंब गळंना! मी ऐटीत घरी आलो.

दारात सासूबाई. मुरगूडला आपल्या घरी निघालेल्या, वाटेत पाण्याला तांब्या शोधत होत्या. तांबटानं झाकण घासून लख्ख केलेलं, त्यामुळं त्यावर कोरलेलं 'सौ. अक्काताई' लांबूनच दिसलं.

मला वाटलं, आता आरडाओरडा. त्या शांतपणे पुढच्या शिटावर जाऊन बसल्या.

"जावईबापू, नाव माझंच हाय न्हवं? मग चला मुरगूडला. तिथं माझ्या दारातच उभी राहील ही."

मंडळी, झाकणावर नाव हाय म्हणून आख्खी गाडी त्यांची होते का? खडू खाली ठेवलाय, उत्तर लिहा.

जपून लिहा. गाडी फळ्यासमोरच उभी हाय, सासूबाई आत बसल्यात, आणि त्यांना वाचता येतं.