पिशवीवाल्या बाईचे सात सेकंद

लग्नाच्या शूटिंगमध्ये पाप एकच: पाहुणा सुटणं. नवरीचा हार वाकडा दिसला तरी चालतो, मंगलाष्टकं चालू असताना माईक किंचाळला तरी चालतो, पण नवरदेवाचा मामा पंगतीत दिसला नाही तर मामा रुसतो, मामी रुसते आणि नवरदेवाचा बाप माझ्या दुकानात येऊन काउंटरवर हात आपटतो. खामगावच्या एका लग्नात हे झालं आणि मी कानाला खडा लावला. तेव्हापासून एकही चेहरा सोडला नाही आणि एकही चेहरा कापला नाही.

लग्नाचा मोसम संपला की दुकानात माश्या मारायच्या, म्हणून मी संस्थांचे छोटे व्हिडिओ करायला लागलो. अंधशाळा, पाणलोट, बचतगट, गोशाळा, सगळं केलं. सगळ्यांना तीन मिनिटांचाच लागतो. आधी रडवा, मग हसवा, शेवटी संस्थेचं चिन्ह. मी तोंडावर म्हणायचो, "मॅडम, ही काय भेळ आहे का?" माझी जीभ अशी, नाकावर राग. पण काम करायचो आणि चांगलं करायचो, हे मी स्वतःच सांगतो कारण दुसरं कोणी सांगत नाही.

ज्या व्हिडिओबद्दल लिहितोय तो मनाच्या आजारावर काम करणाऱ्या एका संस्थेचा होता. महिन्यातून एकदा मेहकरला त्यांचं शिबिर भरायचं. बाहेरून डॉक्टर यायचे, तपासायचे, गोळ्या फुकट द्यायचे. आमच्याकडे ताप आला तर माणूस चौकात बसून सांगतो, शुगर झाली तर आकड्यासकट सांगतो. पण या गोळीचं नाव कोणी काढत नाही. गोळी घेतली की माणूस यडा ठरला, बास. मग त्याच्या हातचं पाणीसुद्धा लोक विचार करून पितात. त्यामुळे शिबिराला येणारे बरेच जण आपल्या गावाचं नाव न सांगता, कुठल्या दुसऱ्याच गावचे असल्यासारखे यायचे.

तिथे मी दिवसभर शूटिंग केलं आणि मला एकच शॉट मिळाला. खरा शॉट दिवसाला एकच मिळतो. खिडकीतून सकाळचं ऊन येत होतं. चाळिशीची एक बाई टेबलाशी आली, गोळ्या घेतल्या, खांद्यावरच्या पिशवीत टाकल्या. रंगीत चिंध्या जोडून शिवलेली मोठी पिशवी, वर बटणांचा पोपट. टेबलामागची सिस्टर काहीतरी बोलली आणि ही बाई अशी हसली की मी कॅमेऱ्यामागे श्वास धरला. मग ती उन्हातून दाराबाहेर गेली. सगळं मिळून सात सेकंद. माझा व्हिडिओ त्या सात सेकंदांवर उभा होता.

परवानगीचा कागद होता. सगळ्यांच्या सह्या होत्या, तिचीही होती. पण तो कागद कुठे ठेवला होता ते सांगायला हवं. गोळ्यांच्या टेबलावर. आधी सही, मग गोळी, अशी रांग चालली होती. नाही म्हटलं तर गोळी मिळेल का, असं कोणी विचारलं नाही आणि आम्हीही कोणी सांगितलं नाही. मला तेव्हा त्यात काही वावगं दिसलं नाही.

संस्थेचा वार्षिक कार्यक्रम त्या वर्षी डोणगावला ठेवला होता, कारण तिथे नवीन शिबिर सुरू करायचं होतं. दुपारी बाराला कार्यक्रम, मंडपात मोठा पडदा, साऱ्या गावाला आमंत्रण. आदल्या संध्याकाळी संस्थेच्या मॅडमनी माझा व्हिडिओ, खाली माझ्या नंबरसकट, संस्थेच्या ग्रुपवर टाकला; त्यात शिबिराला येणारेही होते. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी आठला मी दात घासत असताना फोन वाजला.

"भाऊ, मी त्या व्हिडिओतली पिशवीवाली बाई बोलतो. मी डोनगावची हावो."

म्हणजे दुपारी जिथे पडदा लागणार होता, तिथलीच.

ती बालवाडी चालवायची. स्वतःच्या घराच्या पडवीत, सतरंजी टाकून. गावातल्या बायका शेतात, कामावर जाताना लेकरं तिच्याकडे सोडायच्या, वीस-पंचवीस तरी. आठ वर्षांपूर्वी ती आजारी पडली होती, पण तेव्हा माहेरी होती म्हणून गावात कोणाला कळलं नाही. आता ठणठणीत होती. महिन्यातून एकदा बहिणीकडे जाते म्हणून सांगायची आणि मेहकरहून गोळ्या आणायची. नवऱ्याला ठाऊक होतं, बाकी कोणाला नाही.

"भाऊ, आज सारे मायबाया तठी येतीन. आपलं लेकरू यड्या बाईच्या घरी कोन सोडन, सांगा बरं? मले त्याच्यातून काढून टाका. एवढंच करा."

"अहो ताई, सही केली होती ना तुम्ही?" मी म्हणालो. असंच म्हणालो. सकाळी सकाळी कोणी कामात खोट काढली की माझं डोकं फिरतं.

"केली ना भाऊ. गोया घेयाच्या होत्या."

"करतो," म्हणालो आणि तोंड न धुता कॉम्प्युटरसमोर बसलो.

आता खरं सांगतो. तो शॉट काढायला दोन मिनिटं लागली असती. रिकाम्या खुर्च्यांचा एक शॉट माझ्याकडे होता, तो तिथे बसवला असता की झालं. मी बसवून पाहिलासुद्धा. व्हिडिओ मेला. संगीत वर चढतंय आणि पडद्यावर प्लास्टिकच्या खुर्च्या! माझा हात पुढे जाईना. माणूस कापायची सवयच नव्हती त्या हाताला. मग मला अक्कल सुचली. चेहरा तेवढा ब्लर करू. हसू जाईल, पण ऊन राहील, चाल राहील, दार राहील. झाकली मूठ सव्वा लाखाची! चेहरा हलतो तसा तो धूसर ठिपका एकेक फ्रेम सरकवत मी पाऊण तास बसलो. दोन मिनिटांचं काम टाळायला पाऊण तास घालवला, आणि वर स्वतःची पाठ थोपटली.

साडेनऊला पेन ड्राइव्ह शर्टाच्या खिशात टाकला आणि मोटारसायकलला किक मारली. जुनी फाइल मंडपातल्या लॅपटॉपवर आधीच गेली होती. मॅडमना फोन लावत होतो, त्या उचलत नव्हत्या, आणि तिथल्या दुसऱ्या कोणाचा नंबर माझ्याकडे नव्हता. चिखलीपर्यंत चार वेळा थांबलो आणि चार वेळा लावला. चिखलीच्या पुढे रस्त्याचं काम चालू होतं, एका बाजूची गाडी सोडायची, मग दुसऱ्या बाजूची. झेंडीवाला माणूस आमची बाजू अडवून बसला. मी ओरडलो, "अबे सोड ना बे, जीव चाललाय इथे!" तो म्हणाला, "सगळ्यांचाच चाललाय, भाऊ." मागचा ट्रकवाला हसला. खिसा मी दर मिनिटाला चाचपत होतो.

मेहकरला फोन वाजला. मॅडम नव्हत्या, ती होती.

"भाऊ, काढलं ना? मी जाऊ का नोको कार्यक्रमाले? नाई गेली तं इचारतीन, काऊन नाई आली म्हनून. गेली अन् तठी दिसली तं..."

रस्त्याच्या कडेला उभं राहून, हेल्मेटमध्ये फोन खुपसून मी म्हणालो, "काम झालंय ताई. निवांत या."

चेहरा झाकलाय, शॉट तसाच आहे, हे मी तिला सांगितलं नाही. घाई होती म्हणून नाही. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, पूर्ण काढा. ते मला ऐकायचं नव्हतं.

"देव तुमचं भलं करो," ती म्हणाली.

डोणगावला पोचलो तेव्हा पावणेबारा झाले होते आणि मंडप गच्च भरला होता. पाहुण्यांना लवकर निघायचं म्हणून कार्यक्रम वेळेआधीच सुरू झाला होता आणि व्हिडिओ सगळ्यात आधी दाखवायचं ठरलं होतं. पडदा उजळलेला होता आणि माझ्या व्हिडिओची पहिली चौकट त्यावर थांबलेली दिसत होती. जुनीच. मॅडम माईकवर बोलत होत्या, "तर आता आपण पाहूया..." मी चपलांच्या ढिगावरून, बायकांच्या रांगांमधून, सतरंज्या तुडवत धावलो. कोणीतरी शिवी दिली. लॅपटॉपवाल्याचं बोट कळीवर होतं.

"थांब! हात काढ!"

"काऊन?"

"काढ म्हणतो ना!"

पेन ड्राइव्ह पहिल्यांदा उलटा लागला. दुसऱ्यांदा लागला. मॅडम स्टेजवरून डोळे वटारून पाहत होत्या, पाहुणे घड्याळ पाहत होते. फाइल उघडली, नवीन तारीख दिसली, मी स्वतः कळ दाबली आणि खांबाला टेकून उभा राहिलो. चौथ्या रांगेत ती दिसली. मांडीवर पदर, अंगावर ठेवणीतलं लुगडं, आजूबाजूला बालवाडीतल्या मुलांच्या आया. तिने मला पाहिलं आणि हात न उचलता मान थोडी हलवली. मीही हलवली. जिंकलो, असं वाटलं मला.

खिडकीतलं ऊन आलं. टेबल आलं. ती आली, चेहऱ्याच्या जागी धुक्याचा गोळा घेऊन. मंडपात एवढा वेळ कुजबुज चालू होती, ती थांबली. आतापर्यंत डझनभर चेहरे उघडे दिसले होते, आणि हा एकच झाकलेला होता.

माझ्या पुढे बसलेली एक बाई शेजारणीला म्हणाली, "काऊन वं, याच एका बाईचं तोंड काऊन झाकलं?"

"काई लपवाचं असंन."

"अवं, पन थे पिशवी पाय ना. पोपट पाय. आपल्या बालवाडीच्या बाईची व्हय थे."

"हाव वं माय! मंग तोंड काऊन झाकलं?"

हळू बोलणं हे आमच्या गावांत शिकवलेलं नाही. ते वाक्य रांगेरांगेने पुढे गेलं. दुसऱ्या रांगेतून एक मान वळली, मग तीन, मग सगळ्याच. पडद्यावर ती उन्हातून दाराबाहेर चालली होती आणि संगीत वर चढत होतं. चौथ्या रांगेत तिने पदर डोक्यावर ओढून घेतला. तिच्या डाव्या बाजूला बसलेल्या आईने आपलं लेकरू अलगद उचलून आपल्या दुसऱ्या बाजूला ठेवलं. भांडण नाही, शब्द नाही, नुसतं इकडून तिकडे ठेवलं. व्हिडिओ संपला तेव्हा टाळ्या जोरात वाजल्या. पाहुणे मला म्हणाले, "फार हृदयस्पर्शी!" आणि मी हात जोडले.

पुढच्या आठवड्यात मी तिच्या घरी गेलो. माफी मागायचं ठरवून गेलो होतो, पण माझ्यासारख्या माणसाला माफी मागणंही धड येत नाही. पडवीच्या पायरीवर बसून मी बोलायला लागलो ते ब्लर कसा करतात इथून. तिने मधेच थांबवलं.

"थो पयला दाखवा. न झाकलेला. त्या ग्रुपवर म्या भेवानं नीट पायलाच नाई."

मी फोनवर लावून दिला. ती पाहत राहिली. ऊन, टेबल, पिशवी, ते हसू. संपल्यावर म्हणाली, "अजून एकडाव." पुन्हा पाहिला.

"चांगली दिसतो मी," ती म्हणाली.

मी म्हणालो, "ताई, चुकलो मी. काढायला पाहिजे होता."

"काढलाच पायजे होता. पन नसता काढाचा तं हा असाच राहू द्याचा होता भाऊ. रातभर म्या इचार करून ठेवला होता. कोनी इचारलं असतं तं म्हटलं असतं, शेजारनीच्या गोया आनाले गेल्ती. हासून राह्यली ना मी त्याच्यात, कोनाले खोटं वाटलं नसतं." तिने फोन माझ्या हातात दिला. "तोंड तुमी झाकलं, अन् बिमार मी झाली."

ती उठून आत गेली, मुलांची खाऊची वेळ झाली होती. पडवीत सतरंजी रोजच्यासारखी भिंतीपासून भिंतीपर्यंत अंथरलेली होती आणि तिच्या एका कोपऱ्यात तीन लेकरं बसली होती.