उतरलेली हलगी

तो गेम कुणाच्या मोबाईलवर दिसला की अजून माझं डोकं फिरतं. त्यातले आवाज मीच भरलेत, तरी फिरतं.

लातूरच्या एका लहानशा कंपनीत गेममधल्या आवाजांचं काम माझ्याकडं होतं. गेम पोळ्याचा. सजवलेला बैल पळतो, उड्या मारतो, प्रत्येक उडीला वाद्य वाजतं. साहेबांनी कुठले तरी परदेशी ड्रम आणून ठेवले होते. मी म्हटलं, पोळ्याला हलगीच पाहिजे, आणि ती माझा मामा वाजवणार. कंधारकडं त्याच्या हलगीला सगळा भाग ओळखतो. साहेब म्हणाले, "बोलव की. नाव पण टाकू त्यांचं."

मामा अख्ख्या गावाला सांगून एसटीनं आला. रेकॉर्डिंगची खोली म्हणजे बंद डबा, त्यात एसी. मामानं आत आल्या आल्या काडीपेटी काढली. हलगी आधी जाळावर शेकावी लागते. कातडं ताणलं की मग ती बोलते. साहेब ओरडले, "अहो, इथं जाळ? वेड लागलंय का?" आणि मी, सख्खी भाची, काय म्हणाले? "मामा, वाजवा तशीच. मी कम्प्युटरवर नीट करते." जळो माझी अक्कल!

मामानं वाजवली. भद्, भद्. लगेच वाजवायचं टिपरू खाली ठेवलं. "माय, ही उतरलेली हाय. असली म्या कधी कुठं वाजिवली न्हाई." मग आम्ही इमारतीच्या मागं गेलो, खोक्यांचे पुठ्ठे पेटवले, हलगी शेकली आणि तिथंच रेकॉर्डिंग केलं. काय कडाडली म्हणता! शेजारचे दुकानदार गिऱ्हाईक सोडून बाहेर आले. खोलीतलं रेकॉर्डिंग तेव्हाच पुसायचं, तर मी तसंच राहू दिलं.

गेम आला त्या दिवशी मी मुद्दाम मामाच्या गावी गेले. पारावर माणसं जमली. पडद्यावर मामाचं नाव आलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बैलानं उडी मारली. भद्.

माझे कान तापले. तिथूनच साहेबांना फोन लावला. म्हणे, "बाहेरच्यात ऑटोचे हॉर्न येत होते गं, म्हणून शेवटी मीच खोलीतलं टाकलं. आणि असं कुणाला कळतंय?" कुणाला कळतंय! पारावरच्या एकूण एक माणसाला एका उडीत कळलं होतं. एक जण हसत म्हणालाच, "का हो, शेकायचं इसरलात का काय?" मामा खाली मान घालून बसला. मग मला हळूच म्हणाला, "नाव काढायला लाव माय माझं."

साहेबांनी नाव तेवढं त्याच दिवशी काढलं. आवाज बदलायला मात्र वेळ नाही! मी भांड भांड भांडले, नोकरी सोडली, दार आपटून आले. त्यांना काय फरक पडतोय? गेम चाललाय की.

यंदा पोळ्याला मामानं वेशीतच जाळ केला, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. बैल खोळंबले, लोक "आता बास" म्हणाले, तरी तो हलगी शेकतच राहिला. मी हात धरला, तर म्हणाला, "बघू दे त्यान्ला." एवढ्यात कातडं टर्रकन फाटलं.