खिळ्यावर टांगलेली रोटी

मुअज्जम आपा आता सगळ्यांचीच झाली आहे. घरात लग्न ठरलं की 'गोधड्या आमच्या आपाकडूनच' असं छातीठोकपणे सांगणाऱ्या बायकांना मी चांगली ओळखते. त्यांतल्या निम्म्या एकेकाळी तिच्या दारावरून जाताना डोक्यावरचा रुमाल पुढे ओढून पाटाच्या पलीकडच्या कडेने जायच्या. मी हे विसरलेले नाही. आपा विसरली. तिचं मन माझ्यापेक्षा मोठं आहे, म्हणून मी तिच्याबद्दल लिहितेय आणि ती माझ्याबद्दल लिहीत नाही.

आमच्या दोघींच्या घरांमध्ये एक मातीची भिंत आणि त्या भिंतीत एक दार. तंदूर तिच्या अंगणात आणि जळण माझ्या, त्यामुळे भांडण झालेलं असलं तरी रोटी भाजायला एकमेकींचं तोंड पाहावंच लागायचं. आपाचा नवरा लवकर गेलेला, मुलगा एकच, इल्हाम. पोट गोधड्यांवर चालायचं. आमच्या फरगाना खोऱ्यात मुलीच्या गोधड्यांची चळत छताला टेकली नाही तर सासू तोंड वाकडं करते, म्हणून आपाला कामाचा तोटा नव्हता. उन्हात कापूस पसरून ती लांब काठ्यांनी झोडपायची आणि प्रत्येक फटका कोणाच्या नावाचा ते मोठ्याने सांगायची.

"हा गफूरजान अकांना," म्हणत सणकन काठी हाणायची. गफूरजान अका म्हणजे आमच्या मोहल्ला समितीचे अध्यक्ष. तेव्हा ती नुसती थट्टा होती.

इल्हाम टीव्ही दुरुस्त करायचा. समोरच्या दोन दातांत त्याला अशी फट होती की आम्ही त्याला चिडवायचो, "तुझ्या तोंडातून गाढवाची गाडी जाईल रे." तो हसायचा, म्हणजे फट आणखी दिसायची. पहाटेच्या नमाजाला तो कालव्याजवळच्या मशिदीत जायचा आणि दाढी राखायचा. एवढाच त्याचा गुन्हा. राजधानीत स्फोट झाले, नवे कायदे आले आणि एका वर्षात दाढी हा पुरावा झाला. त्या मशिदीच्या इमामांना आधी पकडून नेलं. मग तिथे जाणाऱ्यांना एकेक करून नेऊ लागले.

पोलीस इल्हामला न्यायला आले त्या सकाळी आम्ही दोघी तंदूरपाशीच होतो. घर उलथंपालथं करून झाल्यावर साहेब म्हणाला, "काळजी करू नका आई, दोन प्रश्न विचारायचेत."

"दोन प्रश्न विचारायला एवढी माणसं?" आपा म्हणाली.

मग ती वाकली, तंदुरातून गरम रोटी काढली आणि त्या माणसांच्या मधून सरळ मुलापुढे गेली. मुलगा लष्करात किंवा परदेशी निघाला की आई त्याला रोटीचा एक घास दातांनी तोडायला लावते. उरलेली रोटी भिंतीवर टांगून ठेवायची आणि त्याने परत येऊन ती संपवायची. दुसऱ्या कोणी तिला हात लावायचा नाही. ज्याने त्याचे दंड धरले होते तो शिपाई चांगला धिप्पाड होता, पण रोटी बाजूला ढकलणारा माणूस आमच्या खोऱ्यात अजून जन्मायचाय. त्याने पकड सैल केली. इल्हामने मोठा घास तोडला. आपाने त्याच दुपारी खिळा ठोकला.

पुढे खटला झाला. बंदी घातलेलं पत्रक म्हणे गोधड्यांच्या चळतीत सापडलं. ती चळत आपाने आदल्या दिवशीच मोकळी करून उन्हात टाकली होती आणि एकेक गोधडी झटकायला मी तिच्यासोबत होते. हे सांगायला मी कोर्टात गेले, तर मला दारातूनच परत पाठवलं. शिक्षा मात्र लांबलचक झाली.

त्यानंतर गल्ली बदलली. आपाकडे कोण येतं, कोण जातं याची चौकशी व्हायची, म्हणून कोणी जाईना. त्या भीतीला लोकांनी शकुनाचं नाव दिलं. नवरा नसलेलीच्या हातच्या गोधड्या इतकी वर्षं चालल्या होत्या, त्या मुलगा तुरुंगात गेल्यावर अचानक अपशकुनी झाल्या. आपा जुन्या गाद्यांचा कापूस पिंजून दिवस काढू लागली.

मोहल्ल्याचा पोलीस साबिर दर आठवड्याला तिच्या घरात डोकवायचा. एकदा रोटीकडे बोट दाखवून म्हणाला, "मावशी, हे उतरवा. वरचे लोक पाहतात, त्यांना वाटतं तुम्ही मुद्दाम मिरवताय."

"मिरवतेच आहे," आपा म्हणाली. "तू लष्करात गेलास तेव्हा तुझ्या आईने टांगली होती ना?"

"टांगली होती."

"कोणी उतरवली?"

साबिर टोपी नीट करत बसला. "मीच. आल्यावर."

"मग इल्हाम आला की त्यालाच सांग. चहा घेतोस का?"

तो चहा न घेता गेला, पण रोटीला त्याने हात लावला नाही.

मग ती सभा झाली. शाळेच्या सभागृहात सगळ्या मोहल्ल्याला बोलावलं होतं, टीव्हीचा कॅमेरा आणला होता. शिक्षा झालेल्यांच्या आईवडिलांनी एकेक करून उठायचं, सरकारची माफी मागायची आणि मुलाला तोडायचं. 'माझं दूध तुला हराम' असं आईने चारचौघांत म्हटलं की मुलगा कायमचा तुटला. आमच्याकडे याहून मोठा शाप नाही. माझ्या डोळ्यांदेखत एका बापाने मुलाला तोडल्याचं सांगितलं आणि तिथेच खुर्चीत कोसळला.

गफूरजान अका आपाच्या कानाशी लागले. मी शेजारीच होते. "मुअज्जम, दोन वाक्यं आहेत. म्हण आणि मोकळी हो. पुढच्या सरकारी शिक्षामाफीत इल्हामचं नाव घालायला लावतो. मी शब्द देतो तुला."

आपा उठली. रुमाल सारखा केला.

"मी मुअज्जम, इल्हामची आई," ती म्हणाली. "माझं दूध माझ्या मुलाला हलाल आहे. मी त्याच्यावर खूश आहे. देवही असो."

एवढं बोलून ती बसली. कॅमेरेवाल्याने कॅमेरा खाली केला. त्या सभागृहात मला जसा अभिमान वाटला तसा स्वतःच्या मुलांच्या लग्नातही वाटला नाही. मी तिचा हात धरला आणि सगळ्यांना दिसेल असा धरून ठेवला.

किंमत तिने मोजली, मी नाही. माफ्या आल्या आणि गेल्या, इल्हामचं नाव कधी निघालं नाही. भेटी बंद झाल्या. ती दिवसभर बसने जाऊन तुरुंगाच्या फाटकावर खाऊचं गाठोडं द्यायची आणि कधीकधी तेच गाठोडं घेऊन परत यायची. एकदा तंदुरात रोट्या थापताना मध्येच थांबली.

"दोन वाक्यांचाच प्रश्न होता गं. माझ्या ताठ्यापायी पोरगा आत कुजतोय का?"

मी म्हटलं, "आपा, त्यांनी शब्द कोणाचा पाळलाय?" त्या दिवशी तिच्या रोट्या करपल्या.

बरीच वर्षं गेली. वर माणसं बदलली, जुनी प्रकरणं उघडली गेली आणि एका वसंतात, जर्दाळू फुललेले असताना, इल्हाम आला. आमच्यापासून चार घरांवर येऊन पोचला तरी मी त्याला ओळखलं नाही. केस पांढरे, खांदे पडलेले, बोलताना तोंडावर हात.

आता गल्लीला धीर आला. बायका गाजरं चिरायला धावल्या, अंगणात पुलावाची कढई चढली. गफूरजान अका नवी टोपी घालून आले. साबिरही आला, त्याला इल्हामची नोंद करायची होती.

चहा घेताना इल्हामने आईला सांगितलं, "आत मला सांगितलं होतं, तुझ्या आईने तुला तोडलं. मी विचारलं, रोटी उतरवली का ते सांगा. कोणाला सांगता येईना. मग मी निवांत झोपलो."

आपाने माझ्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांच्या तिच्या प्रश्नाचं उत्तर तिला मिळालं होतं.

मग तिने खिळ्यावरची रोटी उतरवली. दगडासारखी कडक झाली होती. धूळ झटकून तिने ती दोन्ही हातांनी मुलापुढे धरली. इल्हामने तोंडावरचा हात काढला, आणि तेव्हा आम्ही पाहिलं. समोर दात नव्हतेच. वर नाहीत, खाली नाहीत. फटही नाही.

गफूरजान अका घाईने म्हणाले, "चहात बुडव. मऊ होईल. खा बाळा, आणि संपव एकदाचं. झालं गेलं विसरून जा."

"सुटताना त्याने लिहून दिलंय," साबिर खालच्या आवाजात म्हणाला. "तक्रार काही नाही म्हणून."

"लिहून त्याने दिलंय," आपा म्हणाली. "या रोटीने दिलेलं नाही."

तिने रोटी साबिरच्या डोळ्यांसमोर धरली. चावलेल्या कडेवर एकेक दात स्वच्छ उमटला होता आणि मधोमध, फटीच्या जागी, पिठाची एक बारीक उभी रेघ उरली होती.

"हे बघ. तुम्ही नेलं तेव्हा याच्या तोंडात हे होतं. माझ्या अंगणातून नेलंत. गफूरजान अका, तुम्हीही बघा, चष्मा लावा हवा तर."

कोणी मान वर केली नाही. साबिरने मात्र पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिला. मग त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. त्याने नोंदीची वही उघडली नाही.

आपाने रोटी मोडली. चावलेली कड बाजूला ठेवली आणि बाकीचे तुकडे गरम चहात भिजवून मुलापुढे ठेवले. इल्हामने सगळे खाल्ले, सावकाश, हिरड्यांनी. शेवटी त्याने त्या कडेकडे हात केला.

"ती राहू दे," आपा म्हणाली.

"आई, सगळी संपवायची असते."

"माणूस सगळा परत आला की," ती म्हणाली, आणि उठून ती कड पुन्हा खिळ्यावर टांगली.