विमानं पाडायचा गेम

भाच्याच्या नव्या गेममधून तापलेल्या प्लास्टिकचा वास आला आणि मला ऐंशीच्या दशकातली, प्रताप नगरातली काकांची बैठक आणि तिथल्या टीव्हीला जोडलेला व्हिडिओ गेम आठवला. चुलतभाऊ सुधीरदादा मला फक्त भुलभुलैयात ठिपके खायचा गेम खेळू द्यायचा.

"विमानं पाडायचा गेम पोरींले जमत नाही वं," म्हणायचा.

तो कॉलेजात गेला की मी चोरून विमानंच पाडायची. महिन्याभरानं त्याच्या मित्रांसमोर म्हटलं, "दादा, आज मले दे ना गा."

मी त्याचा गुणांचा आकडा ओलांडला, तसा त्यानं प्लगच उपटला. काळ्या पडद्यात त्याचा पडलेला चेहरा दिसला. तेव्हा मी रडले होते. आता तोच चेहरा आठवून बरं वाटतं. दादा नातवंडांसमोर चॅम्पियन म्हणून मिरवायला लागला, की मी खुर्ची पुढे ओढते आणि सगळं सांगते.