खंदारे सरांचं अकिता

लोकांना वाटतं, शाळेत किस्से पोरांचे साचतात. खरे साचतात स्टाफरूममध्ये! आमच्या बोरीच्या शाळेत तर निम्मे जपानचे आहेत. भूगोलाच्या खंदारे सरांची एकुलती एक लेक प्रज्ञा तिकडं अकिता नावाच्या प्रांतात वृद्धाश्रमात नोकरीला गेली. सरांची बायको आधीच वारलेली. लेक गेली अन् सर मधल्या सुट्टीत आम्हालाच अकिता शिकवायला लागले.

*

सुरुवात इतिहासापासून. "सताके नावाचा मोठा सरदार. लढाईत कुंपणावर बसला, म्हणून शोगुनानं, म्हंजी तिथल्या सरसेनापतीनं, उचलून या बर्फाळ कोपऱ्यात टाकला."

सोनपेठला बदली मागून थकलेले लोंढे सर उसळले, "म्हंजी गैरसोयीच्या बदल्या तवापासून हायेत की!"

*

मग भूगोल. "तिथं एक लय मोठं सरोवर होतं. ते आटवून भाताची शेतं केली. लोकं लांबून येऊन वसले. थोड्याच वर्षांत सरकार म्हणालं, तांदूळ जास्त झाला, भात कमी लावा."

चहा ओतता ओतता शिपाई मामा म्हणाले, "अरारा! म्हंजी सरकार तिकडं बी हायच!"

*

तिथं वर्षाच्या शेवटी राक्षसाचे मुखवटे घातलेले लोक घरोघर ओरडत फिरतात, "रडकी पोरं कुठं हायेत?"

"मग पोरं भेत असतील!" लोंढे सर म्हणाले.

"प्रज्ञा म्हणते, कितीक गावांत पोरंच राहिली न्हाईत. राक्षस म्हाताऱ्यांपाशी बसून घोटभर घेतात अन् जातात."



*

फेब्रुवारीत इकडं पंखे सुरू झाले, तिकडून प्रज्ञाचा फोटो आला. कमरेएवढ्या बर्फात उभी, हातात फावडं.

सर फोटो मोठा करून करून बघत बसले. "लहानपणी हिला पृथ्वीचा गोल फिरवून द्यायचो. म्हणायचो, ठेव बोट. कशाला म्हणायचो, काय माहीत!"

*

परवा मधल्या सुट्टीत तिचा व्हिडिओ कॉल आला. आश्रमातल्या एका आजोबांनी फोन मागून घेतला. त्यांची लेक टोकियोला असते, येत नाही. आजोबा सरांना कमरेत वाकले. सरही खुर्चीतून उठून वाकले. बराच वेळ कुणीच सरळ होईना! मग आजोबांनी काहीतरी विचारलं.

"काय म्हणायलेत गं?"

प्रज्ञा म्हणाली, "ते विचारायलेत पप्पा, तुमच्याकडं बघायला कोण हाय?"

"सांग त्यांना," सर म्हणाले, "लय माणसं हायेत."

स्टाफरूममध्ये तेव्हा सर आणि मी, दोघंच होतो.